आज काय चालतं

"हॅलो?… हां ताई, बोल… नाही, कामात म्हणजे काय, पीठ मळतेय. दुपारच्या पावाचं… थांब जरा, बोटांना सगळं चिकटलंय."

धाकटीने मान वाकडी करून फोन खांद्यात दाबला आणि बोटांचं पीठ टेबलाच्या काठावर खरवडलं. बेकरी आईची. चाळीस वर्षं तिने चालवली, आता धाकटी चालवायची. थोरली दुसऱ्या शहरात राहायची आणि उतारवयात ठणठणीत कसं राहावं याचे वर्ग फोनवरून घ्यायची. तिच्या वर्गाला दोनेकशे माणसं असत. त्यांना दाखवायला तिच्याकडे एक आई होती, वय वर्षं एक्याऐंशी.

"हो, आहे ना आत. दुकानामागच्या खोलीत… परवाच आणली दवाखान्यातून… अगं, कळवलं होतं मी. तू अंगठा पाठवलास… हो, नुसता अंगठा… बरं, असेल चालू वर्ग. राहू दे."

"मोडलेलं हाड नीट बसलंय. हाडाचं काही नाही. जखम भरत नाहीये… अठरा दिवस झाले, टाके तसेच ठेवलेत… नाही, मधुमेह नाहीये. तपासला… डॉक्टर म्हणाले, जखम भरायला अंगात काहीतरी असावं लागतं, यांच्या अंगात काही नाहीच… हो, अस्संच म्हणाले. छत्तीस किलो… छत्तीस… काटा कशाला चुकेल, ताई? मी उचलते ना तिला रोज. पिठाचं पोतं पन्नासचं असतं. ते उचलताना माझा जीव जातो. हिला उचलताना काही उचललंय असं वाटत नाही."

पलीकडून थोरली बराच वेळ बोलत राहिली. धाकटीने मळलेल्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि स्टुलावर बसली.

"रविवारी?… रविवारी काय?… वर्गात दाखवायची तिला?… ताई, तिला बसता येत नाही… उशा लावूनसुद्धा नाही. आणि सांगणार काय ती तुझ्या लोकांना? मी एक्याऐंशीची आहे आणि जिना चढते, हे?… अगं, जिन्यावरच पडली ती… नाही, घसरली नाही. मी खालून बघत होते. पुढच्या पायरीवर टाकायला तिचा पाय उचललाच गेला नाही… मी कुठे म्हणतेय तुझ्यामुळे?… ऐक ना… अगं ऐक तर. म्हटलं का मी तसं?"

म्हणायचं तर होतं तिला. तीन आठवडे जिभेच्या टोकावर होतं. पण समोर फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. 'आईला नको' असं वर लिहून खाली दोन रांगा भरल्या होत्या, आणि अक्षर थोरलीचं नव्हतं.

"हो… हो, मीच वाढत होते. बरोबर आहे तुझं. हात माझेच. तू सांगायचीस आणि मी ताटातून काढायचे. पहिल्या वर्षी म्हणालीस, अंड्यातला पिवळा काढ. काढला. मग म्हणालीस, सगळं सत्त्व पिवळ्यातच, पांढऱ्याने गॅस होतो. तोही काढला… हसत नाहीये मी. दूध आधी दोन पेले. मग म्हणे या वयात दूध हाडं पोखरतं. फळं उपाशीपोटी, मग फळं जेवल्यावर, मग फळांत साखर म्हणून फळंच नको… संशोधन बदलतं, मान्य. मला कळतं तेवढं. पण एक सांगू? बदललं की दरवेळी काहीतरी गेलं तिच्या ताटातून. परत आलं असं काहीच नाही… काय परत आलं, सांग ना… बघ. नाही आठवत."

"तुला म्हणायची, हो. छान वाटतंय, हलकं वाटतंय. तुझा फोन आला की आवाज बदलतो तिचा… ते सोळा तास उपाशी राहायचं तू सांगितलंस, तेव्हा पाच वाजता तोंड बंद व्हायचं तिचं. मी सातला जेवायचे. ती उठून खोलीचं दार लावून घ्यायची… कशाला म्हणजे? वास नको म्हणून."

धाकटी उठून भट्टीपाशी गेली, दार किलकिलं करून आतली धग हाताने अजमावली.

"हॅलो… आहेस ना?… नाही गं, भांडत नाहीये. भांडायला त्राण कुठे आहे. मागच्या महिन्यात तू तो पिठाचा वर्ग घेतलास बघ, पांढरं पीठ म्हणजे म्हातारपणाचं विष, तो… हो, बऱ्याच लोकांनी पुढे पाठवला, सांगितलंस तू. आईनेही ऐकला. दुकानात, गल्ल्यावर बसून, आवाज मोठा करून. समोर गिऱ्हाईक उभं. ते गेल्यावर मला म्हणाली, 'मग मी चाळीस वर्षं लोकांना दिलं तरी काय गं?'… तुझा तसा हेतू नव्हता, कळतं मला… त्यानंतर ती दुकानात येऊन बसलीच नाही. नाही, तुला नाही बोलली. मला बोलली."

"बरं, ते जाऊ दे. माझं एक काम कर… रविवारचं नाही, दुसरंच. डॉक्टर म्हणालेत, दूध, अंडी, पाव, जे जाईल ते द्या. मी घेऊन जाते आणि ती तोंड फिरवते. म्हणते, ताईला विचारलंस का?… डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं तरी. म्हणते, तो कालचा पोरगा, त्याला काय कळतंय, ताई वाचते… तर तू सांग तिला. तीन शब्द. आई, सगळं खा… सगळं म्हणजे सगळं… नाही ताई, पण नको. पणच नको त्यात… हो?… नक्की?… बघ हं. नेते मग फोन."

तिने गॅसवरची वाटी घेतली. दुधात कुस्करलेला सकाळचा पाव, त्यात कालवलेलं उकडलेलं अंडं. मागच्या खोलीत खिडकीखाली आईची खाट लावली होती. चादरीखाली कोणी आहे हे नीट बघितल्यावरच कळत होतं. 'ताईचा फोन' म्हटल्याबरोबर आईने कपाळावरचे केस मागे सारले, जणू पलीकडून कोणी तिला बघत होतं.

"हॅलो… हो, मीच… बरी आहे गं… छे, दुखत नाही फारसं… हो… सगळं?… बरं… हो, हो, खाते… हां, पण… हो ना, मलाही तेच वाटत होतं… दुधाचं मी हिला म्हटलंच… नाही, पावाला हात नाही लावला… अगं, इतकी वर्षं सांभाळलंय, आता कशाला सोडू… चार? भिजवून?… साल काढून, हो… रविवारी बसेन की. तू नको काळजी करू."

पहिला नंबर आलेल्या मुलीसारख्या चेहऱ्याने आईने फोन परत दिला. "चार बदाम खा म्हणाली, भिजवून. दूध-पाव नको म्हणे इतक्यात, सूज येते. मी किती शिस्तीची आहे हे ती सगळ्यांना सांगते म्हणाली."

धाकटीने फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"ताई… तीन शब्द होते… ते म्हणालीस, ऐकलं मी. मग तिथेच थांबली का नाहीस?… निघून गेलं तोंडातून. बरं… काय दाखवणार?… लोक काय म्हणतील, हो… दोनशे माणसं आहेत तुझी, कळलं. मला ही एकच आहे."

तिने लाल बटण दाबलं. थोरलीचा आवाज मध्येच तुटला.

फोन काळा झाला, पण धाकटीने तो कानावरून काढला नाही. मागे वळली तर आई तिच्याकडेच बघत होती. वाटीवर हळूहळू साय धरत होती.

"काय?" धाकटी फोनमध्ये म्हणाली. "थांब, थांब. परत सांग… आज?… आज सकाळी आलं?… आधीचं चुकलं म्हणतात?… अगं, मग आत्ता आईशी बोलताना का नाही सांगितलंस… विसरलीस. बरं… हं… हं… पाव?"

आईने मान उशीवरून उचलली.

तीन वर्षं धाकटीने थोरलीला ऐकलं होतं. ती कुठे श्वास घेते, कुठे आवाज खाली आणते, सगळं तिला पाठ होतं. तेवढ्या तेवढ्या जागा तिने मोकळ्या सोडल्या.

"पांढराच?… ताजा, भट्टीतला… दुधात भिजवून… ऐंशीच्या पुढे तर हवाच म्हणतात?… किती लोकांवर केला अभ्यास?… लाखभर. बाप रे… अंडं पिवळ्यासकट… आणि साखर?… एक चमचा. बरं… दिवसातून चार वेळा… आणि ते पाच वाजताचं?… तेही रद्द. जेव्हा भूक लागेल तेव्हा."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो, तूच सांगितलंस म्हणून सांगते तिला… हो, तुझंच नाव घेते… बरं ताई. ठेवते."

तिने फोन अॅप्रनच्या खिशात टाकला, खाटेच्या कडेला बसली आणि साय बाजूला करून चमचा भरला. आईने आधी चमच्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"नक्की म्हणाली?"

"नक्की. आजच आलंय."

आईने तोंड उघडलं. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात ठेवला. दुसरा लगेच गिळला. तिसऱ्याला तिचाच हात चमच्यामागे आला, नुसती हाडं आणि कातडं, आणि चमचा लवकर यावा म्हणून त्याने धाकटीचं मनगट धरलं.

"मी म्हणत नव्हते?" घास उतरल्यावर आई म्हणाली. "ताईचं लक्ष असतं. तू मेली नुसती उपाशी ठेवायचीस मला."

खिशात फोन थरथरायला लागला, थांबला, परत थरथरायला लागला. तिने वाटी जरा तिरकी करून तळचं दूध गोळा केलं.

"आ कर," ती म्हणाली.