भिंतीपलीकडची ऋतिका

—नाही गं, भिंती पातळ नाहीयेत! म्हणजे... आहेत. खोटं कशाला बोलू? शहराच्या कडेच्या या ट्रुगानिनातली नवी घरं सगळी अशीच, पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे कळतं. पण तू आत ये ना प्रतीक्षा, दारात काय उभी राहिलीस? लॉकडाउन संपलाय आता, मास्क काढलास तरी चालेल. तर ही खोली. वॉर्डरोब आहे, अर्वोला, म्हणजे दुपारचं, छान ऊन येतं— आधीची मुलगी पलंगावर बसूनच युनीचा अभ्यास करायची. ऋतिका, नाशिकची. तिकडे लांब टूवूंबाला हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली, गेली. भांडण? छे! आमचं भांडण कध्धीच नाही झालं. झालं असतं तर बरं झालं असतं.

मी? वर्क फ्रॉम होम. आणि मेडिटेशन करायचे— आता नाही करत. मे महिन्यात ऑनलाइन रिट्रीट केलं होतं, घरातूनच, झूमवर. पूर्ण मौन. फोन बंद, कुणाशी बोलायचं नाही, नजरसुद्धा मिळवायची नाही. ऋतिकाला आधीच सांगून ठेवलं होतं, प्लीज, नॉक करू नकोस. आणि खरं सांगू? मला फार छान वाटलं गं. लॉकडाउनमध्ये एकटीला जे खायला उठायचं ना, ते सगळं निवळलं. स्क्रीनवर सगळी आमच्याच वयाची पोरं, कुणी पर्थचं, कुणी होबार्टचं, नावंही माहीत नाहीत— पण डोळे मिटले की वाटायचं, ही सगळी माझीच माणसं. शेवटच्या दिवशी साऱ्या जगाचं भलं चिंतायचं असतं. मी रडले. जगासाठी!

आणि आदल्या दुपारी नॉक झालं होतं. एकदाच, हलकंसं. ऐकू नाही आलं? आलं ना! कळलंही की काहीतरी झालंय, ऋतिका उगाच नॉक करणाऱ्यातली नव्हेच. पण मी बसून राहिले. आम्हाला शिकवलं होतं, आवाज येतो आणि जातो, आपण नुसतं बघायचं. गेला आवाज. तीही परत गेली, या खोलीत.

तिचे बाबा गेले होते. कोविडनं. विमानं बंद, जाणार कशी? भाऊ व्हिडिओवर अंत्यविधी दाखवत होता आणि ही इथे बसून एकटी बघत होती— आवाज बंद करून. बापाच्या अंत्यविधीचा आवाज! का? तर माझं ध्यान मोडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी मौन सुटलं तशी मी धावत आले, मिठी मारली, म्हटलं, 'आय फील सो कनेक्टेड, यार!' तेव्हा म्हणाली, 'बाबा गेले काल. सॉरी ताई, एकदा नॉक केलं मी.' तीच मला सॉरी!

मी माफी मागितली ना, किती वेळा मागितली. दर वेळी 'नो वरीज, ताई.' गोड बोलायची, माझीही भांडी घासून ठेवायची, पण स्वतःचं म्हणून काही सांगायची नाही. फार खातं गं मनाला. म्हणून म्हणते, तू राहायला आलीस की कधीही दार वाजव, हक्कानं वाजव—

पण थांब, तुला या खोलीचं कळलं कुठून? मी अजून जाहिरात टाकलीच नाहीये... ऋतिकानं? काय म्हणाली माझ्याबद्दल? सांग ना, मला राग नाही येणार.

...'ताई चांगली आहे, पण तुझ्या घरी काही झालं तर मला फोन कर'?

हं. नंबर आहे ना तिचा तुझ्याकडे? जपून ठेव. निघ तू आता, बस चुकेल.