हिला पाणी लागत नाही

नाही, पण मला सांगा, आयुष्यातली पहिली गाडी घेताना माणूस काय बघतो? टायर बघतो, दारं बघतो, निदान ब्रेक लागतो का एवढं तरी बघतो... आमच्या रत्नाकरनं काय बघितलं? तर हिला पाणी लागत नाही! झालं. एवढ्यावर घेतली. तीस वर्षं जुनी, कासवासारखी पाठ फुगलेली, पिस्ता रंगाची जर्मन गाडी. ह्यानं आयुष्यात कधी स्कूटर घेतली नाही. सांगलीहून बेंगळुरात आला तो सरकारी कारखान्याच्या बसमध्ये चढला, आठ वर्षं त्याच खिडकीशी बसून गेला, आणि चौऱ्याण्णव साली एकदम ही.

आता तुम्हाला सांगतो, सगळीच चूक त्याची नव्हती. तो राहतो त्या बनशंकरी भागात तेव्हा नळाला दिवसाआड पाणी, तेही पहाटे, तेही उपकार केल्यासारखं. आणि गाडी विकणारे शेषगिरी, निवृत्त माणूस, कपाळाला उभं गंध, गाडीच्या पाठीवर हात फिरवत अर्ध्या हिंदीत, अर्ध्या कन्नडात म्हणतात कसे, "देखिए, रेडिएटर इल्ला. इंजिन पीछे है, पानी बेडा. सिर्फ हवा." पुढं आणखी काहीतरी सांगत होते ते, हवेबद्दलच, पण ऐकतो कोण? पाणी लागत नाही म्हटल्यावर रत्नाकरचा जीव केव्हाच गाडीत जाऊन बसला होता. मग काय, दूधवाला आला, सांग त्याला. शेजारी आले, सांग त्यांना. "हिला पाणी लागत नाही!" बायको प्रतिमा एकदा म्हणाली, "अहो, पण गाडी चालते ना?" तर म्हणतो, "चालते गं, पण पाणी लागत नाही!"

ही प्रतिमा इथलीच, बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली. बँकेच्या परीक्षेला बसत होती. दोनदा थोडक्यात हुकलेली, आणि आता वयाची अट आडवी आलेली. ही शेवटची. दोन वर्षं पोळ्या लाटताना ओट्यावर पुस्तक उघडं ठेवलेलं, पानांना पीठ लागलेलं. परीक्षा कधी? दसऱ्यानंतरच्या रविवारी, इंदिरानगरात, साडेनऊला फाटक बंद. तिचं म्हणणं, सकाळी रिक्षानं जाते. साधं होतं की नाही? पण नाही! "घरात गाडी असताना माझी बायको रिक्षानं जाणार?" जाऊ दे ना बाबा, सुखानं जाऊ दे...

बरं, त्याआधी आली आयुधपूजा. तुम्हाला ठाऊक आहे, बेंगळुरात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत जे जे चालतं त्याला फुलं, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबू. आणि घरात नवी गाडी म्हटल्यावर रत्नाकरच्या सासूबाई, शारदाबाई, पदर खोचून तयार. गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "जावईबापू, इंजिन कुठं हिचं?" म्हटलं मागं. "आणि पुढं?" पुढं डिकी. "मग डिकीला कसली पूजा करता? इंजिन आहे तिथं देव!" आणि मागच्या काचेखाली त्या बारीक फटी असतात ना, जाळीसारख्या, तिथं शेवंतीचा हा एवढा जाडजूड हार, त्यावर दुसरा, मध्ये केळीची पानं कोंबून पक्की बसवलेली, वरून सुतळी. "आणि काढायचं नाही हं. आपणहून गळेपर्यंत राहू दे." रत्नाकर आजवर बसनं फिरलेला, त्याला गाडीची पूजा नवी. हात जोडून उभा!

रविवारी सव्वाआठला निघाले. पुढं रत्नाकर आणि प्रतिमा, मागं शारदाबाई, मांडीवर बनशंकरी देवीचा प्रसाद. प्रतिमाची फाइल, आत हॉल तिकीट, ठेवली पुढच्या डिकीत. चुरगळायला नको म्हणून. आतापर्यंत गाडी गेली होती कुठवर? देवळापर्यंत आणि परत. साउथ एंड सर्कल आलं आणि मागून शारदाबाई म्हणतात, "जावईबापू, स्वल्प पाठ शेकतीय. बरं वाटतंय हं, कंबरेला." रत्नाकर खूश! लालबागेशी आले. "आता जास्तीच शेकतीय." रत्नाकर हसतोय. "बघा आई, पाणी नाही ना, कोरडा शेक!" आणि डबल रोडवर होमात निर्माल्य पडल्यासारखा वास आला, गाडीनं दोन आचके दिले, आणि बसली.

नऊला दहा कमी.

किल्ली फिरव. नाही. परत फिरव. नाही. प्रतिमा नुसती घड्याळाकडं बघत होती, आणि तुम्हाला सांगतो, ती ओरडली असती तर परवडलं असतं. जमली माणसं! एक म्हणतो, "नीर हाकि सार्, पाणी घाला." दुसरा, "पाणी घाला." ट्रॅफिक पोलीस आला, तोही, "पाणी घाला." आणि रत्नाकर रडकुंडीला येऊन सगळ्यांना सांगतोय, "अहो, हिला पाणी लागत नाही!" ऐकतो कोण? गाडी तापली की पाणी, ही जगाची रीत. समोरच्या हॉटेलातले कृष्णमूर्ती भरली बादली घेऊन धावत आले, पुढचं झाकण उचललं, आणि रेडिएटर शोधत बादली तिरकी केली. आत काय? फाइल! हॉल तिकीट! रत्नाकरनं अशी उडी टाकली की बादली सगळी त्याच्या डोक्यावर. फाइल कोरडी. बनशंकरीत आठवडाभर झाली नव्हती अशी आंघोळ झाली त्याची, भर रस्त्यात.

नऊ वाजून सात.

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. चालक खंडोजी, तिथलाच मराठा, चार पिढ्यांचा. त्याच्या रिक्षालाही पूजेची फुलं, पण पुढं, दिव्याशी. तो गर्दीत शिरला नाही, सरळ गाडीच्या मागं गेला, वाकला, आणि शांतपणे म्हणाला, "अण्णा, हिचं नाक कुणी बांधलं?"

"नाक?"

"माझंबी इंजिन मागंच की, वाऱ्यावर चालतंय. हितनं श्वास घेती ही. तुमी फुलं कोंबलासा."

मग खंडोजी प्रतिमाच्या हातातली फाइल बघून म्हणाला, "अक्का, परीक्षा काय? बसा." ती फाइल छातीशी धरून बसली. रत्नाकरनं तोंड उघडलं, तर तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. तोंड आपोआप मिटलं. रिक्षा गेली.

मागं उरली दोघं. शारदाबाईंनी स्वतः सुतळी सोडली. होरपळलेली शेवंती मूठमूठ बाहेर काढत होत्या आणि पुटपुटत होत्या, "माझ्याच हातानं... पोरीचं नशीब माझ्याच हातानं बांधलं मी." आपण आडमुठेपणा केला नसता तर ही म्हातारी आज रडली नसती, एवढंच रत्नाकरला कळत होतं. फुटपाथवर दोघं बसून राहिली, प्रसादाचा डबा मध्ये, तो कोण खाणार? दहा वाजले तेव्हा खंडोजी परत आला. "फाटक ओढत होते. मी हॉर्न सोडलाच नाही. गेल्या आत." शारदाबाईंनी सगळा प्रसाद त्याच्या ओंजळीत ओतला.

पास झाली हो प्रतिमा. आता बँकेत आहे, इंदिरानगरातच. आणि वर्षाच्या आत तिनं स्वतःची गाडी घेतली. जुनीच, पण इंजिन पुढं, चार लोकांसारखी. पिस्ता रंगाची ती अंगणात उभी असते. दसऱ्याला शारदाबाई तिला लांबूनच एक फूल वाहतात, तेही बॉनेटवर, अगदी पुढं.

प्रतिमाच्या गाडीचं एकच आहे, रेडिएटर जरासा गळतो. रोज सकाळी एक तांब्या लागतो. नळाला अजून दिवसाआडच येतं, तेही पहाटे. तरी आठच्या आत तो तांब्या पडलेला असतो, एक दिवस चुकत नाही.

कोण घालतं म्हणून काय विचारता...