कशेडीच्या पायथ्याची खाणावळ

समारंभाचे अध्यक्ष आणि माझे थोरले चुलतभाऊ माननीय महिपतराव, व्यासपीठावर विराजमान झालेले अकरा मान्यवर, बारावी खुर्ची मावेना म्हणून खाली पहिल्या रांगेत बसवलेल्या आजच्या सत्कारमूर्ती ठमाबाई, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या आनंदीवहिनी, महाड-पोलादपूरहून आलेले पाहुणे, आणि जेवणाचा वास येत असूनही संयम राखून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी मुरारी. एसटीत तेहेतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. ध्वनिक्षेपकाची मला सवय आहे. फरक इतकाच, की स्टँडवर मी बोललो की माणसं उठून गाडीकडे धावायची. इथे तुम्हाला ती सोय नाही.

बोगदा सुरू झाला, गाड्या डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या, जुन्या घाटरस्त्यावर आता शेळ्या बसतात. म्हणून ठमाबाई येत्या महिन्यात खाणावळ बंद करताहेत. संयोजकांनी मला सांगितलं, "मुरारीभाऊ, खाणावळीचा इतिहास सांगा. पाच मिनिटं. आणि गोड बोला." चोपन्न वर्षं पाच मिनिटांत बसवतो. गोड किती होईल ते सांगता येत नाही.

आत्ताच आपण मानपत्र ऐकलंत. "समस्त ग्रामस्थांच्या प्रेमळ सहकार्याने ही खाणावळ भरभराटीस आली." वा! लिहिणाऱ्याचा हात धरावासा वाटला. लिहून व्हायच्या आधी धरला असता तर बरं झालं असतं.

तर या प्रेमळ सहकार्याविषयी.

ठमाबाईंचे यजमान सदूभाऊ मुंबईत एका खाणावळीत भांडी घासता घासता स्वयंपाक शिकले. एकाहत्तर साली परत आले आणि दोघांनी घाटाच्या पायथ्याला कुडाच्या भिंतींची खाणावळ टाकली. भात, कुळथाचं पिठलं, सुक्या मासळीचं कालवण, आणि रात्र काढायला पडवीत चटया. दाराशी पाण्याचं एक पिंप, त्यावर एक पितळी पेला. पुढच्या मार्चमध्ये चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला खेडकडून निघालेला एक ट्रक तिथे थांबला. माणसं तहानलेली. ठमाबाईंनी त्याच पिंपातलं पाणी त्याच पेल्यानं दिलं, आणि सगळ्यांना आत पाटावर बसवून जेवू घातलं.

झालं! आमच्या वाडीत सभा भरली. अध्यक्षस्थानी महिपतरावांचे वडील, म्हणजे आमचे थोरले काका. अध्यक्षपद या घराण्याला नवीन नाही. ठरलं, की ठमाबाईंना वाडीतून दूध नाही, सरपण नाही, आणि गिरणीत दळण नाही. सहकार्य सुरू झालं ते असं. ठमाबाई महाडहून एसटीच्या टपावर पिठाची पोती आणायच्या.

मंडळी, चवदार तळं आमच्या वाडीपासून किती लांब? गाडीनं पाऊण तास. पण तिथं सत्तावीस साली पाण्याचं जे घडलं, ती बातमी आमच्याकडे बहात्तर सालीसुद्धा पोचली नव्हती. माझ्या उभ्या नोकरीत इतकी उशिरा धावणारी गाडी मी पाहिली नाही.

आता चौऱ्याऐंशी सालचा जून. हंगामातला शेवटचा मुहूर्त साधून महिपतरावांचं लग्न खेडला लागलं. वऱ्हाड घेऊन परत येताना पावसानं गाठलं. आमच्या मागे दरड कोसळली, पुढे मोरी वाहून गेली. मधल्या रस्त्यावर छप्पर एकच. कोणाचं ते सांगायला नको.

चाळीस माणसं दारात भिजत उभी. थोरले काका म्हणाले, "ठमे, आमी आत येतो. पण आमचं पाणी येगळं ठेव."

ठमाबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत. "पिंप एकच हाय, काका. तुमची तहान येगळी असंल तर पावसात तोंड वर करून उभं रावा."

कोणी हलेना. नवरदेव वडिलांच्या तोंडाकडे बघताहेत. अध्यक्षमहाराज, आपण तेव्हापासूनच विचारपूर्वक निर्णय घेता! तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली नवी नवरी पुढे झाली. सासरचा उंबरा अजून ओलांडायचा होता तिचा. तिनं पेला बुडवला, घटाघटा पाणी प्यायली, आणि म्हणाली, "गार हाय."

त्या आनंदीवहिनी.

मग लहान पोरं प्यायली, मग बाया, आणि शेवटी परंपरेचे रक्षक. मी त्यांच्यातलाच. मी म्हटलं, "माझा आज उपास आहे." ठमाबाईंनी उकडलेली रताळी आणि तोच पेला माझ्यासमोर आदळला. "उपासाला पाणी चालतं रे, मुरारी."

दोन दिवस त्यांनी चाळीस माणसं सांभाळली. माझ्या काकूनं विचारलं, "आमी तुझं दळण बंद केलं, तरी तू आमाला जेवू घालतेस?" ठमाबाई म्हणाल्या, "दारात पोरं काकडत व्हती. तुमचा इचार मागनं केला."

आता तुम्हाला वाटेल, की वाडी विरघळली असेल. छे हो! घरी पोचल्यावर सर्वानुमते जाहीर झालं, की वऱ्हाड दोन दिवस शिदोरीतल्या लाडवांवर राहिलं. बहिष्कार चालूच. फक्त आनंदीवहिनींना कोणी विचारलं, की त्या सांगायच्या, "लाडू नव्हते. पिठलं व्हतं."

यानंतर तीन वर्षांनी सदूभाऊ गेले. भरदुपारी, छातीत कळ येऊन. ठमाबाईंनी वाडीत निरोप धाडला. दोन तास वाट पाहिली. ज्यांनी त्यांच्या हातचं खाल्लं होतं, त्या चाळीसांतलं एक माणूस आलं नाही. शेवटी एक पंजाबी ट्रकवाला, त्याचा क्लीनर आणि खेडचे फळवाले बशीरभाई तिरडीला उभे राहिले. चौथा खांदा नव्हता.

मी तिथे होतो. मोरीचं काम कुठवर आलंय ते बघायला स्टँडवरून आलो होतो. रस्त्याच्या पलीकडे आंब्याखाली उभा होतो. वाडीकडून आनंदीवहिनी एकट्या चालत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"भाऊजी, जावा की."

मी म्हटलं, "ड्यूटीवर आहे, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रस्ता ओलांडला, पदर खोचला आणि चौथा खांदा दिला. आमच्या घराण्याच्या सुनेनं. पाय घसरत होता, पण नदीपर्यंत खांदा काढला नाही.

त्यानंतर सहा महिने त्यांना घरात चुलीपाशी जाऊ दिलं नाही, ताट मिळालं नाही. महिपतराव, तेव्हा आपली पत्नी रोज कोसभर चालून कुठे जेवायला जात होती, हे आपण कधी विचारलं नाहीत. आज व्यासपीठावरून सांगतो. ठमाबाईंकडे. दोघी एका ताटात जेवायच्या.

आणि बहिष्कार कधी उठला? तो उठलाच नाही, मंडळी. तसा ठराव झालेला माझ्या तरी ऐकिवात नाही. चौपदरीचे सर्वेक्षणवाले आले, जमिनीला भाव आला, आणि त्यांच्याबरोबर चहा प्यायला आपण सगळे तिथे जाऊन बसू लागलो. पुढे आपल्याला वाटायला लागलं, की आपण पहिल्यापासून तिथेच बसत होतो. मानपत्रं अशीच तयार होतात.

काल मी ठमाबाईंकडे गेलो होतो. विचारलं, "भाषणात तुमच्यातर्फे काय सांगू?" त्या पातेली पुसत होत्या. म्हणाल्या, "माझं काय नाय रे. तुला काय सांगायचंय ते तू सांग. अडतीस वर्सं झाली. आता हितं बसून चा पितोस, पर माझ्याकडं अजून नीट बघत नायस."

तेव्हा आता आवरतो. संयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे आभार. पुढच्या वेळी ते देणार नाहीत, म्हणून आगाऊ आभार. अध्यक्षांचा उपमर्द झाला असेल तर घरचा माणूस समजून त्यांनी पोटात घालावा. बोलताना काही चुकलं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं.

पण ठमाबाई, त्या दुपारी मी ड्यूटीवर नव्हतो. माझी पाळी दोन तासांपूर्वीच संपली होती. त्याची माफी सभागृहाकडे मागून भागणार नाही. मी खाली येतो.