मान डोलवणारा

— दोन्ही एकदम काढून दिलीत ते बरं केलंत, काका, एकेक करत बसलं की वेळ जातो. बसा. दहा-पंधरा मिनिटं — हे बघा, बोटांनी दाखवतो — दहा, पंधरा. हां. आता तुम्हाला काही ऐकू येत नाही ना? नाहीच येत. मान हलवताय, पण ती मान मी ओळखतो. समोरच्याचं तोंड हललं की आपण मान हलवायची, म्हणजे समोरचा खूश आणि आपली सुटका. कानाचं मशीन घेऊन इथे येणारं प्रत्येक माणूस अशीच हलवतं. आणि मी? मीही घरी तेच करतो, नऊ महिने झाले, आणि माझे कान तर ठणठणीत आहेत.

तुम्ही म्हणाल, हा पोरगा दरवेळी तोंड शिवल्यासारखा असतो, आज काय झालं — म्हणणार नाही म्हणा तुम्ही, कळतंय कुठे तुम्हाला, म्हणून तर बोलतोय. वरच्या मजल्यावर डॉक्टरबाई कान तपासतात, खाली मी मशीनं साफ करतो, नळ्या बदलतो, आणि गिऱ्हाईक बोलायला लागलं की खाली वाकून ब्रश शोधतो. ब्रश हातातच असतो. नववीत शाळा सुटली तीही त्यामुळेच. अभ्यास येत नव्हता असं नाही — उभा राहून वाच म्हटलं की मी पेन्सिल शोधायला बाकाखाली. असो. मुद्द्याचं सांगतो, कारण साडेबारा वाजून गेलेत. आज दोन वाजता माझी वहिनी आमचं घर सोडून जाणार आहे. कायमची. आईला माहीत नाही, बाबांना माहीत नाही, दादा बोटीवर, त्यालाही नाही. घरात फक्त मला माहीत आहे. आणि मी इथे बसून तुमच्या मशीनमधला मळ काढतोय — रागावू नका, पण बराच आहे, महिन्यातून एकदा तरी आणायला हवं.

वहिनीची भाषा थाई. दादा तिकडच्या एका बंदरात चार वर्षं इंजिनं दुरुस्त करत होता, त्याला येते. लग्न केल्याचं कळवलं त्याने, तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी सुनेसाठी खोली रंगवायला काढली — आई अशी आहे. मी ठरवलं, आपण भाषा शिकायची. आता माझ्यासारख्या मुखदुर्बळाने भाषा शिकायची म्हणजे — पण ऐका तर. फोनवर एक बाई सापडल्या, शिकवणाऱ्या. त्या फळ्यावर चित्रं काढतात, थाईमध्ये गोष्ट सांगतात, आणि त्यांचा नियम काय? नियम असा, की विद्यार्थ्याने नुसतं ऐकायचं. मागून म्हणायचं नाही, लिहायचं नाही, पाठ करायचं नाही, पहिले सहाशे तास तोंडातून ब्र काढायचा नाही. हाताची घडी, तोंडावर बोट! शाळेत बोल बोल म्हणून माझे कान पिरगाळले, आणि इथे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, की गप्प बसतोस तेच बरोबर आहे. मला वाटलं ही भाषा माझ्यासाठीच काढलीय.

सुरुवातीला काय ऐकू येतं? तुम्हाला माहीत आहे — मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा काय ऐकू आलं तुम्हाला? खडखडाट. पंखा, भांडी, रस्ता, बायको, सगळं एकाच मापाचं. डॉक्टरबाई सांगतात, घाबरू नका, मेंदूला सवय होऊ द्या, तो आपोआप निवडायला लागेल. अगदी तसंच. पहिले तीन आठवडे थाई म्हणजे एकच लांबलचक शब्द, बाई श्वास घ्यायला थांबल्या की तेवढाच संपायचा. आणि नेमक्या त्याच तीन आठवड्यांनी दादा वहिनीला घेऊन आला, दोन महिने राहिला, सगळ्यांचं सगळ्यांना सांगत बसला, आणि बोटीवर जायच्या दिवशी दारात बॅग घेऊन म्हणतो कसा — ‘अगं आई, काळजी कशाला करतेस, हा शिकतोय ना! हा सांगेल ती काय म्हणते ते.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, बाबा, वहिनी, टॅक्सीवाला. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं, काका. मी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी परीक्षा. जेवताना वहिनी ताटाकडे बोट दाखवून आईला काहीतरी म्हणाली, जरा लांब. आई माझ्याकडे वळली, ‘काय म्हणते रे?’ मला तोपर्यंत ऐंशी शब्द येत असतील, त्यातले बरेचसे प्राण्यांचे — बाईंना हत्ती-माकडं काढायची फार हौस. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘म्हणते, तुझ्या हाताला चव आहे.’ एकोणतीस वर्षांत आमच्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलेलं नाही. आईचा चेहरा बघायला हवा होता. उठली, आत गेली, स्वतःची नवी शाल आणून वहिनीच्या खांद्यावर घातली. वहिनी बघतच राहिली. का? ती मीठ जास्त झालंय म्हणाली होती. हे मला पाच महिन्यांनी कळलं.

फोनवरचं ते भाषांतराचं यंत्र होतं की, म्हणाल तुम्ही. होतं. आईने एकदा लावून बघितलं, त्यात वहिनीच्या साध्या वाक्याचं ‘काकूचा घोडा ओला आहे’ असं काहीतरी आलं. आई म्हणाली, घरचा माणूस असताना हे कशाला? घरचा माणूस म्हणजे मी. आणि खरं सांगू? घरात शांतता नांदायला लागली. सासू-सुनेचं असं गूळपीठ मी कुठे बघितलं नाही. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, आमचा धाकटा दुभाषा आहे. आई सोफ्यावर माझ्यासाठी जागा सरकवायची — मी त्याआधी सोफ्यावर बसायचो कुठे, दारातल्या स्टुलावर. माझं मत विचारायला लागले! पडदे कुठले घ्यायचे, ते मला विचारलं.

ही नळी बदलावी लागेल तुमची, पिवळी पडून कडक झालीय. तर — वहिनी तिकडे शिवणकाम करायची. कोपऱ्यावर शिवणवाल्या मावशी आहेत, त्यांना हाताखाली बाई हवीय, आणि वहिनीचं काम त्यांनी बघितलंय. मावशींनी खुणेने सांगितलं, उद्यापासून ये. वहिनीने सासूला विचारल्याशिवाय जायचं नाही ठरवलं. तीनदा विचारलं. पहिल्यांदा, दादाचा शर्ट हातात धरून, बाहेर रस्त्याकडे बोट दाखवून. मी म्हणालो, ‘म्हणते, दादाची आठवण येते.’ आई रडली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शर्ट कपाटात कुलूपबंद केला. दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी, दुपारी. मी म्हणालो, ‘म्हणते, आई, तुम्ही फार दमता, जरा पडा.’ आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाऊन झोपली. तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात. तेव्हाही तसंच काहीतरी सांगितलं मी, पुन्हा डोक्यावर हात, पुन्हा झोप. मला बिचाऱ्याला काय माहीत ती काय विचारतेय! भाषाच कच्ची. दोष तरी कुणाला द्यायचा?

कारण ही भाषा येते कशी, ते ऐका. शिकतोय असं कळतच नाही. आधी शब्दांना कडा फुटतात — इथे एक संपला, इथे दुसरा सुरू झाला, अर्थ नाही, पण कडा दिसतात. मग सूर कळतो, वहिनी चिडलीय की चेष्टा करतेय. मग एक दिवस इथे दुकानात, कुणाच्या तरी मशीनमध्ये तार घालताना, कानात बाई काहीतरी म्हणाल्या आणि मी हसलो. हसून झाल्यावर कळलं की विनोद होता. आधी हसू आलं, मागून भाषा! तेव्हापासून उतार लागला. आता तीन महिने झाले, वहिनी बोलते ते जवळजवळ सगळं कळतं मला, भाजीवाल्याला स्वतःशीच घातलेल्या शिव्यासुद्धा —

काय? काय झालं? बोटं कशाला दाखवताय? तीन... आणि एक. तीन महिने. आणि एक —

गेल्या महिन्यात. हो. तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात.

थांबा. तुम्हाला कसं कळलं मी काय म्हणालो ते? ओठ? ओठ वाचता तुम्ही? किती — मशीन यायच्या आधी अकरा वर्षं? आणि हे आत्ता सांगताय? मी मघापासून तुमच्या तोंडासमोर तोंड धरून... आणि मी कानाच्याच दुकानात काम करतो! कुणाला सांगू नका म्हणजे झालं.

बरं. हो. तिसऱ्यांदा मला कळलं होतं. शब्द न् शब्द. ‘आई, मला कोपऱ्यावर कामाला जाऊ द्या, घरात बसून माझे हात मरून चाललेत’ — हे असं म्हणाली ती. फार छान म्हणाली. आई माझ्याकडे वळली, ‘काय म्हणते रे?’ आणि मी — बघू नका असं. तुम्हीच सांगा, ती मावशींकडे बसली असती तर काय झालं असतं? दिवसभर तिथे आपलीच भाषा, बायकांच्या गप्पा, दोन महिन्यांत फडाफडा बोलायला लागली असती. मग माझं काय काम? परत स्टुलावर. मला वाटलं, दादा येईपर्यंत चालू दे. आईला एक गोड वाक्य सांगितलं. येत नव्हतं तेव्हा भीतीने खोटं सांगायचो, काका, यायला लागल्यावर सफाईने सांगितलं.

आणि मंगळवारी तिने तिच्या आईला फोन लावला, मागच्या गॅलरीत. मी न्हाणीघरात होतो, भिंत पातळ. म्हणते, ‘तीनदा विचारलं. या घरात ‘नाही’ असं म्हणतात — डोक्यावर हात ठेवतात आणि झोपायला जातात.’ नवऱ्याला सांग, म्हणाली असेल तिची आई, तर म्हणते, ‘त्याला समुद्रात कशाला घोर? तो स्वतःच्या आईशी भांडेल.’ मग शुक्रवार, दोन वाजता, टॅक्सी. मग तिच्या आईने बहुधा विचारलं, की तो दीर तुझं बोलणं नीट पोचवतो ना? तर — नळी जरा घट्ट बसतेय, थांबा — तर म्हणते, ‘मान डोलवणारा? तो चांगला मुलगा आहे. या घरात माझं बोलणं कळतं ते फक्त त्यालाच. तो सगळं नीट सांगतो.’ मी नळ चालू केला. मला पुढचं ऐकायचं नव्हतं. नऊ महिने कान लावून बसलो आणि जेव्हा —

आज सकाळी डबा दिला तिने मला. दारात काहीतरी म्हणाली, साधंच, नीट जा असं. थाई वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. आठशे तास झालेत, बाई म्हणतात, आता ते आपोआप बाहेर पडेल. नाही पडलं. मान हलवली आणि आलो कामावर.

फोन. माझाच. आईचा.

हां, आई. काय? हळू बोल. बॅग? कुणाची बॅग? ...दोनला येणार होती ना टॅक्सी — नाही, काही नाही, तू बोल. हात जोडून उभी आहे? बरं. धर, फोन तिच्यासमोर धर, ऐकतो.

...

हं.

...

हो, आई, ऐकलं. हो, कळलं. सांगतो ना, एक मिनिट. — काका, तयार आहे तोंडात. ‘बाजारात जातेय, संध्याकाळपर्यंत येते.’ इतकं सोपं आहे. आई म्हणेल, छत्री घेऊन जा. नका असं बघू, मला माहीत आहे —

आई. ऐक. ती बाजारात नाही चाललेली. ती आपलं घर सोडून चाललीय. नाही, तू काही केलं नाहीस. मी केलंय. ती काय म्हणते ते मी तुला कधी सांगितलंच नाही. कधीच म्हणजे कधीच. मनाचं सांगायचो. हाताला चव वगैरे — हो, तेसुद्धा. रागाव, पण नंतर रागाव, आधी त्या टॅक्सीवाल्याला थांबव, बाबांना पाठव खाली. ऐक ना! तिला कोपऱ्यावर शिवणकामाला जायचंय, बस, एवढंच. तीनदा विचारलं तिने तुला आणि तू तीनदा नाही म्हणालीस. म्हणालीस, आई. डोक्यावर हात ठेवून.

रडू नको. फोन तिच्याकडे दे. तिच्या कानाला लाव. हो, मीच बोलणार आहे. मी.

काका, तुम्ही जरा तिकडे तोंड करून बसा.