भारीतली रायफल

(कोल्हापुरातले बंदूक दुरुस्तीचे कारागीर रंगराव कांबळे यांनी सांगितलेलं, त्यांच्याच बोलीत.)

आमचं मूळ गाव गारगोटीकडचं, पण माझा जन्म हितलाच, कोल्हापुरातला. बाप मिलिट्रीत हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर हुता, पेन्शनीत आल्यावर त्यानं हितं दुकान टाकलं, बंदूक दुरुस्तीचं, लायसनचं हां, चोरीछुपीची भानगड न्हाय. बाप लई मारका. एकदा माझ्याकडनं नळी नीट पुसायची ऱ्हायली, तर तिथंच पडलेला बंदुकीचा लाकडी दस्ता त्यानं माझ्या पाठीत घातला, बरगडी मोडली माझी, आई मधी पडली तर तिला पण दोन बसल्या. असं शिकलो मी. शाळा नववीपतूर, बाकी सगळं त्या दस्त्यानं शिकवलं.

आता दुकानात माणूस आला की पयला प्रश्न ठरलेला, रायफल देशी घ्यावी का भारीतली परदेशी, चौपट पैसं घालून फायदा हाय का काय. पावणं, तुमी पण आल्या आल्या त्येच इचारलं की. फरक हाय, न्हाय असं कोण म्हणंल. भारीतल्या रायफलीचा बोल्ट, म्हंजे काडतूस आत ढकलायचा दांडा, बोटानं सरकतोय, खांद्याला धक्का कमी बसतोय, दोनशे पावलांवरनं नारळ फोडायचा असंल तर तीच घ्यावी. पण आपल्याला कुटं नारळ फोडायचाय. डुक्कर वीस पावलांवरनं अंगावर येतंय, तितं दोन्ही सारख्याच. आज हे मी सांगतोय, पण एकदा मीच उलटं सांगून बसलो, आणि कुणाला, तर माझ्याच मेव्हण्याला.

मेव्हणा म्हंजे माझ्या बायकोचा, शालनचा धाकटा भाऊ, सुबराव. ऊस हाय त्यांचा, गारगोटीच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागूनच. डुकरांचा त्रास म्हणून रीतसर परवाना काढून त्यानं देशी रायफल घेतलेली. आता ऊसतोड चालू झाली की काय हुतंय, तोडणी जसजशी पुढं सरकल तशी डुकरं मागं मागं जात्यात, आणि शेवटच्या पट्ट्यात सगळी गोळा हुत्यात. त्यो पट्टा तोडायचा म्हंजे जिवाशी खेळ. त्या दिशी सकाळी धा वाजता, लख्ख उन्हात, सासरा माझा बांधावर उभा हुता, तोडकऱ्यांना मागं सरा म्हणून वराडत हुता, आणि सुबराव रायफल घेऊन शेजारी. एक नर बाहीर पडला, ह्येवढा, कमरंएवढा. सुबरावनं चाप ओढला, नुसतं टक्क. बोल्ट मारला, दुसरं काडतूस, परत टक्क. तवर डुकरानं म्हाताऱ्याला खाली पाडलं आणि मांडीपासनं पोटापतूर उभा फाडला. तोडकऱ्यांनी कोयत्यांनी डुकराचं तुकडं केलं हो, पण म्हातारा गारगोटीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. माझ्या बायकोनं बापाला नीट बघितला पण न्हाय, धोतरात बांधून आणलेला.

म्हाताऱ्याच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिशी सुबराव रायफल आणि ती दोन काडतुसं घेऊन दुकानात आला. बघा दाजी म्हणला, काय झालं हिला. आणि बाहीर पायरीवर बसून रडाय लागला. मी रायफल खोलली. काय सांगू तुम्हाला, रायफल ठणठणीत. दोन्ही काडतुसांच्या बुडाला टोला मधोमध, खोल बसलेला, म्हंजे रायफलीनं आपलं काम केलतं. मग काडतूस फोडलं, तर आत दारू ओल्या मिठागत गोळा झालेली. मी आतनंच इचारलं, सुबराव, काडतुसं कुटं ठेवलीतीस रं. तर म्हणला गोठ्यात, वैरणीच्या माळ्यावर, पावसाळाभर तिथंच हुती.

आता सांगा, काय बोलायचं माणसानं. तुझ्या हातनं तुझा बाप मेला, असं म्हणायचं? मी ती दारू गटारीत टाकली आणि बाहीर येऊन म्हणलो, हलकं हत्यार हाय सुबराव, दगा दिला हिनं, तू भारीतली घे. त्येच्या तोंडावर जरा रक्त आलं. मला पण बरं वाटलं. मग मी बोलतच सुटलो. वळखीतल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराची जर्मन रायफल इकायची हुती, ती मीच बघून दिली, दोन म्हशी इकून त्यानं ती घेतली, आणि हातात देताना मी फुशारकीनं म्हणलो, हिला काय बघाय लागत न्हाय, डोळं झाकून चालीव. ह्येच शब्द माझं.

आता आमच्याकडं रीत कशी हाय, इलेक्शन लागलं की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा कराय लागत्यात. निकाल लागल्यावर परत मिळत्यात. मिळाली की माणूस घरला जायच्या आधी दुकानात येतोय, मी नळी उजेडाकडं धरून बघतोय, पुसतोय, मग घरला. सुबराव ती देशी रायफल घेऊन दरवेळी यायचा, कवा चुकला न्हाय. जर्मन घेतल्यावर आला न्हाय. कशाला येतोय, मीच सांगितलंतं की. मातीची घरं करणारी ती माशी असती न्हवं, कुंभारीण, तिनं हत्यार ठाण्यात पडून असताना नळीत आत घर केलतं. पोलिसांचा दोष न्हाय, ते काय नळ्या बघत बसणार. सुबराव ठाण्यातनं थेट रानात गेला, डुक्कर दिसलं, चाप ओढला, आणि नळी फुटली. डावा हात मनगटापासनं गेला. बोटं उसाच्या पाचटात पडलेली, दोन घावली, बाकीची कुत्र्यानं नेली असं त्येची बायकोच मला म्हणली, माझ्याकडं बघून, सावकाश. त्या बाईच्या डोळ्यात मला त्या दिशी मारायचंच हुतं.

पण सुबराव माझ्यावर रागावला न्हाय, त्येच लई वंगाळ. चार माणसांत सांगायचा, एकीनं बाप खाल्ला, दुसरीनं हात खाल्ला, दाजी बिचारं काय करणार. दोन वर्सं मी हे ऐकत ऱ्हायलो.

गेल्या उन्हाळ्यात आला दुकानात. त्येची ती देशी रायफल माझ्याकडंच जमा हुती, इकायला, कागदपत्र करून. तिला बघितली आणि डोकं फिरलं त्येचं. ऐरणीवरचा हातोडा उचलला आणि घातला तिच्यावर. बापाला खाल्लीस म्हणतोय आणि हाणतोय. दस्ता फुटला, चाप वाकला, नळीवर खोक पडाय लागली. माझ्याच्यानं बघवंना. मी मधी शिरून रायफल पोटाशी धरली आणि म्हणलो, सुब्या, हिला मारू नगंस, हिनं काय केलं न्हाय. मग सगळं सांगितलं. काडतुसं, गोठा, गटारीत टाकलेली दारू, सगळं.

हातोडा खाली ठेवला त्यानं, नीट, ऐरणीवर. आणि मारलं मला. तोंडावर, छातीवर, पडल्यावर लाथांनी. शेजारचा चहावाला धावत आला त्येला मी दारातच थांबीवला, घरची गोष्ट हाय म्हणलो. बगा, हे पुढलं दोन दात गेलं, म्हणून माझं बोलणं असं फसफस येतंय. दमला तवा थांबला आणि येस्टीनं गावाकडं गेला.

तवापासनं आला न्हाय. ह्या साली तोडणीला डबं बडवून डुकरं हाकलली त्येनं, असं कळालं. बरं झालं, हत्याराचा नाद सुटला. शालन मात्र अजून मला इचारती, तुमी असं धडधाकट, त्यो थोटा, मारत हुता तवा त्येचा हात का धरला न्हाई? एकच तर हात ऱ्हायलाय त्येला, पावणं. त्यो कसा धरू मी. त्यो शाबूत असू दे, म्हंजे झालं.