लाडले मिस्त्रीचं शेवटचं बटण

(मैलूर, बीदर. १९५२. दुपार. जगदेवप्पा आडत्याच्या घराची ओसरी.)

मस्तानबी : न्हाई सावकार, हात मागं घ्या आधी. बटण बंद केलं म्हंजी तारेतला करंट गेला, असं कोण सांगितलं तुमाला?

जगदेवप्पा : दिवा इझला की.

मस्तानबी : दिवा इझतो, तारेतला करंट जागच्या जागी ऱ्हातो. मेनचा खटका पाडल्याबिगर झाकणाला हात लावायचा न्हाई. आमच्या मालकांनी, लाडले मिस्त्रींनी, अर्ध्या बीदरची फिटिंग केली, हा नेम एकदाबी मोडला न्हाई.

जगदेवप्पा : मग तुमीच करा की. तुरीचं पोतं उचल म्हणा, उचलतो. हे काम आमच्या बापजाद्यांनी केलं न्हाई.

मस्तानबी : मला मिस्त्रींनी कसम घातलीय. त्यांची पेटी मी उचलली, शिडी मी धरली, पर तारेला बोट लावू दिलं न्हाई. मी तोंडानं सांगते, हातानं तुमी करा.

जगदेवप्पा : पावरहाऊसच्या माणसाला चारदा बोलावलं. आज येतो, उद्या येतो. तेवढ्यात परवा ही बटण दाबायला गेली आन् भिंतीवर आपटली.

शांतम्मा : नुसतं पितळी झाकणाला बोट लागलं, मस्तानबी. हात खांद्यापस्नं सुन्न. माझ्याजागी पोरगी असती तर? ती तर स्टुलावर चढून त्याच बटणाला लोंबती.

मस्तानबी : मेनकडं तुमी जावा, शांतक्का. थांबा, आधी माजघरातला दिवा लावा. लागला? आता मेन पाडा. इझला न्हवं? झालं. लागता दिवा इझला तरच भरवसा धरायचा, बंद दिव्याकडं बघून न्हाई, त्याचा बल्ब गेलेला असतोय. आता दोन्ही फ्यूज काढा आन् सावकारांच्या खिशात घाला.

जगदेवप्पा : खिशात कामून?

मस्तानबी : येणाऱ्याजाणाऱ्यानं मेन चढवली तरी तुमी जिते ऱ्हावा म्हणून. हात कोरडे हायत? पाटावर उभं ऱ्हावा. आन् गळ्यातली ती लिंगाची चांदीची करडगी सदऱ्यात घाला.

जगदेवप्पा : अंगावरचं लिंग उतरवत न्हाईत आमच्यात.

मस्तानबी : उतरवा कोण म्हणालंय? वाकलाव की चांदी तारेवर लोंबती. दोरा आखूड करा, आतून बांधा. तुमच्या अप्पांनाबी मिस्त्री हेच सांगायचे.

जगदेवप्पा : बांधली. मस्तानबी, पैशाला न्हाई म्हणलाव. पायलीभर ज्वारी तरी न्या.

मस्तानबी : मला काय बी नको. मला बघायचं हाय. हे त्यांच्या हातचं शेवटचं काम. तुमीच सांगितलाव की, काम पुरं केलं, चहा पिले, हैद्राबादच्या ट्रकात बसतो म्हणून सडकेकडं गेले.

जगदेवप्पा : ...व्हय.

मस्तानबी : तेवढ्यावर चार वर्सं काढली मी. पोलीस ॲक्शनमधी किती जण गेले, कुणाचा ठावठिकाणा न्हाई. गुलबर्ग्याला विचारलं, हैद्राबादला नामपल्ली ठेसनावर विचारलं. लोक म्हणतात, सोड आता. मी म्हणते, जो माणूस काम संपवून, चहा पिऊन निघाला, तो कुठंतरी पोचलाच असंल. झाकणाचे पेच डावीकडं फिरवा.

जगदेवप्पा : निघालं. आत काळं पडलंय.

मस्तानबी : सरका जरा. ...हलवू नका काय. तसंच ऱ्हाऊ द्या.

जगदेवप्पा : कामून? काय झालं?

मस्तानबी : एकच पेच आवळलाय. दुसरा नुसता लावून सोडलाय. तार सरकत सरकत भाईर आली, झाकणाला टेकली. म्हणून झटका बसायलाय.

जगदेवप्पा : घाईत ऱ्हायलं असंल.

मस्तानबी : लाडले मिस्त्री घाईत? निकाहच्या दिवशी काझीला बसवून ठेवलं होतं सावकार, कुणाच्या तरी घरचा पेच आवळायचा ऱ्हायला म्हणून! आन् पेच सैल ठेवून हे झाकण बसवतील? झाकण कोण लावलं, सावकार?

शांतम्मा : सांगा की आता. दर सणाला दारात येऊन ही बाई तेच विचारती आन् तुमी तेच सांगताव. मला ऐकवत न्हाई.

जगदेवप्पा : मी लावलं. मागनं. ...चौकात गलका झाला. कोणतरी वरडलं, आडत्याच्या घरात कोण मुसलमान लपलाय बघा. अप्पा अंथरुणाला, ही बाळंतीण. मी म्हणलो, मिस्त्री उठा, निघा. ते म्हणले, एक पेच ऱ्हायलाय, दोन मिनिटं. मी दंडाला धरून भाईर काढलं आन् कडी लावली.

मस्तानबी : मग?

जगदेवप्पा : त्यांनी कडी वाजवली. दोनदा.

मस्तानबी : आत घ्या म्हणले?

जगदेवप्पा : न्हाई. मला वाटलं आत घ्या म्हणत्यात. पर ते म्हणले, सावकार, पेच सैल हाय, मेन चढवू नका. मग कडी वाजली न्हाई. बसवण्णाची शपथ, पुढं काय झालं मला ठाव न्हाई. तो चहा, तो ट्रक, सगळं मी मनानं जोडलं. तुमी दारात उभ्या होताव, दुसरं काय सुचलं न्हाई.

शांतम्मा : मस्तानबी, बसा खाली. पाणी देते.

मस्तानबी : नवं बटण घ्या, सावकार.

जगदेवप्पा : ऱ्हाऊ द्या ते बटण! शिव्या द्या मला. चपलीनं मारा.

मस्तानबी : तारेचं टोक पिळून घ्या. पेचाला उजवीकडनं गुंडाळा. तारेचा एकबी केस भाईर दिसता कामा न्हाई. आता आवळा.

जगदेवप्पा : आवळलं.

मस्तानबी : आणिक.

जगदेवप्पा : मला दिसंना झालंय, मस्तानबी.

मस्तानबी : डोळे पुसा. हात कोरडे करा. दुसराबी तसाच. आणिक अर्धा फेरा. आता तार वढून बघा. हलत न्हाई न्हवं? झाकण लावा. फ्यूज द्या शांतक्काकडं, मेन चढवू दे.

शांतम्मा : चढवली. ...लागला बघा दिवा. झाकणाला बोट लावलं, काय बी न्हाई.

जगदेवप्पा : जाऊ नका अशा. उद्या मी सोबत येतो, चौकात विचारू, सडकेला विचारू. कुणाला तरी ठाव असंल.

मस्तानबी : चार वर्सांनी कोण सांगतंय. तेव्हाच्या माणसांनीबी तुमच्यासारखंच कायतरी मनानं जोडलं असंल.

शांतम्मा : घोटभर चहा तरी घ्या.

मस्तानबी : नको, अक्का. दिवसाउजेडी घरी जाते. चार वर्सं मी आतून कडी लावली न्हाई. ते कवाबी आले तर त्यांना वाजवावी लागू नये म्हणून. आज लावते.