सोपानचे सहा दिवे

...आणि मला एक सांगा, मुंबईला समुद्र आहे की नाही? आहे. एवढा मोठा पसरलाय, फुकट. मग तिथली बोट ट्रकवर घालून, खंडाळ्याचा घाट चढवून, आमच्या वळवणच्या तळ्यात आणून सोडायचं काही कारण? पण शेठ लोकांना विचारणार कोण! बरं, बोट म्हणजे साधी होडी नव्हे. वर खोली, खोलीत गाद्या, पडदे, पंखा, आणि चाकासमोरच्या फळीवर सहा बटणं, दर बटणाशी बोराएवढा दिवा. इंजिन चालू केलं की तांबडा, पंखा लावला की हिरवा. तर ते सहा दिवे बंद पडले, आणि त्या सहा दिव्यांत आमचा सोपान अडकला तो अडकलाच.

सोपान म्हणजे आमच्या शेजारचा वायरमन. मूळचा लोहगडवाडीचा, सरळ पोरगा. तुम्हाला सांगतो, लोणावळ्यातल्या निम्म्या बंगल्यांचे फ्यूज त्यानं बांधलेत. पण नोकरी कायमची नाही. आणि इंदुरीचे बाजीराव आबा, ज्यांची पोरगी कस्तुरा याच्या मनात भरलेली, त्यांचा एकच हेका, "पोरगा चांगला हाय, पन कायम हाय का? कायम न्हाई, तर पोरगी न्हाई." आता त्या बोटवाल्या शेठचे मेहुणे चिंचवडच्या कुठल्याशा कारखान्यात मोठे साहेब. शेठ म्हणाले, "सोपान, हे दिवे लागले ने, की तुझी चिठ्ठी लिहिली समज. एकदम कायम!" म्हणजे बघा, दिवे लागले की चिठ्ठी, चिठ्ठी मिळाली की नोकरी, नोकरी लागली की कस्तुरा. आणि काम काय, तर मोटारीच्या बॅटरीवर चालणारे सहा बोराएवढे दिवे. त्याला वाटलं, दुपारपर्यंत चिठ्ठी खिशात.

पहिल्या रविवारी गेला, फळी उघडली, एक वायर उंदरानं कुरतडलेली होती ती बदलली, बटण दाबलं. लागले! सहाच्या सहा. शेठच्या बंगल्याचा धोंडिबा माळी टाळ्या वाजवायला लागला. सोपाननं हात धुतले, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि धोंडिबा शेठना बोलवायला धावला. शेठ धोतर सावरत, चहाचा कप हातात घेऊन येईपर्यंत... काय सांगू. लागले दिवे, आणि गेले दिवे.

"सकाळी लागलं हुतं शेठ, आईच्यान," सोपान म्हणतोय. शेठ म्हणतायत, "सकाळी तर सूरज पण लागला होता."

दुसऱ्या रविवारी हा पेटलाच. जुनी सगळी वायर उपटून काढली, नवी ओढली, एकेक सांधा काळ्या पट्टीनं गुंडाळला, बाळंतिणीनं कान बांधावेत तसा. बटण दाबलं. लागले! या खेपेला शेठ आधीच येऊन बसलेले. पाच मिनिटं झाली, दिवे आहेत. सोपाननं हळदकुंकू, नारळ, सगळं यथासांग केलं. शेठनी हात जोडले, पेन काढलं, कागद मांडीवर घेतला, कारखान्याचा पत्ता लिहिला, आणि तारीख विचारायला मान वर केली. तांबडा गेला. मग हिरवा. मग एकामागून एक बाकीचे, पंगतीतून माणसं उठावीत तसे. लागले दिवे, आणि गेले दिवे!

मग काय, शहाणे जमले. धोंडिबा म्हणाला, "तळ्याला बाहेरची बोट मानवत न्हाई." आमची ही म्हणाली, दृष्ट काढा. शेठ म्हणाले, "आता पुढचा रविवार शेवटचा, नायतर मुंबईचा माणूस बोलावतो." आणि सोपान? तो आठवडाभर जेवला नाही हो. माझ्या ओट्यावर बसून एकच विचारायचा, "भाऊ, माझ्या हाताला काय झालं असंल?" मी काय सांगणार? मी शिंपी. मला वायर म्हणजे दोरा.

तिसऱ्या रविवारी सकाळी त्यानं फळी उघडली, तर आत लाल मुंग्यांची रांग! वायरींवर, मला सांगा, मुंग्यांचं काय काम? दिव्यांच्या बुडाशी चिकट काहीतरी, त्यात कुंकवाचा लगदा, वायरीची टोकं हिरवी पडलेली. सोपाननं बोट लावलं, जिभेला लावलं. गोड.

नारळाचं पाणी!

आता लक्षात आलं का? काम झालं की यंत्रावर नारळ फोडायचा आणि पाणी त्याच्यावरच शिंपडायचं, हे त्याच्या बापानं शिकवलेलं. पिठाच्या गिरणीच्या मोटारीवर फोडला, विहिरीच्या पंपावर फोडला, त्यांचं अंग जाड, त्यांना काय होतंय? पण हे बोराएवढे नाजूक जीव, यांच्या नाकातोंडात दर रविवारी पाणी! दिवे हाच लावत होता आणि हाच विझवत होता. फळीसमोर बसून रडला म्हणे.

मग डोळे पुसले, आतलं सगळं पुसलं, कोरडं केलं, टोकं पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केली. बटण दाबलं. लागले. तासभर झाला, लागलेलेच. आज नारळ नाही, ठरलं. शेठ आले, पेन उघडलं, आणि तेवढ्यात काठावरून हाक आली, "सोपानराव, हाय का?"

बाजीराव आबा! चिठ्ठी डोळ्यांनी बघायला यानंच त्यांना बोलावलेलं. आबा बोटीत उतरले, दिवे बघितले, खूश झाले, आणि पिशवीतून नारळ काढला.

"फोडा."

"आबा, मी काठावर दगडावर फोडतो की."

"दगड चालवायचाय का बोट? ज्याला चालायचं, त्याच्यावर पानी पडाया पायजे."

"आबा, पानी आत गेलं की दिवं जात्यात."

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजी देवाच्या पान्यानं काम नासतं म्हनता? असल्या घरात मी पोरगी देऊ?"

आता तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं? त्यानं आशेनं शेठकडे बघितलं. आणि शेठ, तेच पेन हातात धरून, म्हणाले, "अरे, शुकन आहे, फोड फोड! मी पण म्हणतो, आज विसरला कसा?"

फोडला. काय करतो? आबांनी स्वतःच्या हातानं पाणी शिंपडलं, आणि देवाला कमी पडू नये म्हणून उरलेलं ओतलं. लागले दिवे, आणि गेले दिवे.

शेठनी पेनाला टोपण घातलं. म्हणाले, "मुंबईचाच माणूस पायजे." आबा काठावर येऊन सोपानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगा देवाधर्माचा हाय, लय आवडला. पन कायम न्हाई."

आणि खोबरं वाटताना, सोपानच्या हातावर सगळ्यात मोठा तुकडा ठेवून वर काय म्हणाले असतील?

"गोड निघालाय. काम हुनार."